साखळीवाला

लेंटच्या शुक्रवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये
तळलेला मासा मिळतो, दहा डॉलरला ताट.
दाराजवळचं टेबल आमचं.
तिघं कॉर्लिसचे, दोघं स्टॅनहोपचे.
मधे नदी नाही आता,
व्हिनेगरची बाटली आहे.

कोबी संपायच्या आत कुणीतरी विषय काढतंच:
एकाहत्तर सालचा नोव्हेंबर, चौथा डाउन.

लॉर्ना म्हणते पाऊस होता, तिचा ड्रम भिजला होता.
रे म्हणतो, पाऊस कसला, धुकं; नदीवरून चढलेलं,
स्वतःचे बूट दिसत नव्हते.
डेल्मरच्या मते तर बर्फ.
एवढं मात्र सगळ्यांना मान्य, की उत्तरेकडचे दिवे गेले
आणि त्याच क्षणी टेकडीवर कारखान्याने मळीची कढई उपडी केली.
आभाळ नारिंगी झालं.
त्या उजेडात पंचाने चेंडू पाहिला, एमिलच्या पोटाखाली.

सात-सहा. आम्ही पुढे होतो.
तेव्हा दोन्ही शाळांच्या कपाटांत इतके चषक
की शिपाई धूळ झटकता झटकता शिव्या घालायचा.
नऊ वर्षं बाहेरच्या कुणाला आम्ही जिंकू दिलं नव्हतं,
हरलो तर एकमेकांशीच.

साखळी आणा, पंच म्हणाला.

मागची काठी माझ्या हातात होती.
सतरा वर्षांचा मी, गळ्याचं हाड मोडलेलं,
म्हणून खेळाडूंत नाही, साखळीवर.
चिखलात काठी रोवली आणि टाच घसरली.
काठी पुढे सरकली. दोन बोटं.
मागे घ्यायला वेळ होता.
वेळ होता, हे मी इथे पहिल्यांदाच लिहितोय.

एमिल दरवर्षी चिमटीत दाखवतो, किती कमी पडला ते.
पूर्वी त्या चिमटीत सिगारेट मावली असती.
मग काडी.
गेल्या शुक्रवारी तर उजेडसुद्धा मावला नाही.
"इतकंच," तो म्हणाला, आणि गुडघा चोळला.
तो गुडघा दोनदा बदललाय. दुखतो अजून पहिलाच.

कढई ओतणारा कारखाना भंगारात गेला.
आमच्या मैदानावर आता गोदाम आहे,
कॉर्लिसच्या मैदानावर गवत, कुणी कापत नाही.
चार वर्षांपूर्वी दोन्ही शाळा एक केल्या,
हिरवा आणि मरून मिसळून जर्सी काढली,
तिचा रंग जुन्या पट्टीवर सुकलेल्या आयोडीनसारखा.
एकोणीस मुलं. बदली खेळाडू म्हणाल तर आठ.
एमिलचा नातू चेंडू धरतो, डेल्मरची नात लाथ मारते.
हायवेकडच्या नव्या शाळेने त्यांना अठ्ठेचाळीस-शून्य धुतलं
आणि परतीच्या बसमध्ये पोरं गात होती म्हणे, पिझ्झा खात.
डेल्मरला ते सहन झालं नाही.
मला झालं. का, ते सांगता येत नाही.

शाळेचा लिलाव झाला तेव्हा साखळी मी घेतली, अकरा डॉलरला.
बायको म्हणाली, कुत्रा तर मेला आपला, बांधणार कुणाला?
एका रात्री गॅरेजमध्ये जमिनीवर ताणली,
टेपने मोजली. तीनदा.
दहा यार्डांना कमी. दोन बोटं.
म्हणजे एक कडी नाही.
तेव्हाच नव्हती, तर माझी टाच आणि ती कडी फिटंफाट,
एमिल खरंच कमी पडला, आणि पन्नास वर्षं मी उगाच झोपलो नाही.
नंतर तुटली असेल, तर नाही.
कुणाला विचारणार? पंच केव्हाच गेला.
गंज काही सांगत नाही, तो नुसता बोटांना लागतो.

आज सांगायचं ठरवून आलो होतो.
लॉर्नाने पाऊस पाडला, रेने धुकं चढवलं,
एमिलने चिमूट वर केली, दिव्यासमोर,
आणि एक डोळा मिटून आम्हा सगळ्यांना तिच्यातून पाहिलं.

म्हाताऱ्याचा चेहरा त्या वेळी काय उजळला होता.

मी व्हिनेगर त्याच्याकडे सरकवलं.
बाटली जरा जास्तच पुढे गेली.
त्याने ती मागे घेतली, बरोब्बर त्याच्या ताटाच्या रेषेत.